तान्हा पोळा, पाच वर्कर आणि परत न होणारी डिस्क : क्लाउड सर्व्हरचा अकरा महिन्यांचा अनुभव

सप्टेंबरचं बिल आलं म्हणून लिहायला बसलो. ४,००० अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ४,७२० रुपये. जुलैपर्यंत हेच बिल १,१८० यायचं. वेबसाइट तीच, दुकान तेच, आणि आता पोळा संपल्यावर दिवसाला दोन ऑर्डरी आल्या तरी खूप झालं.

नागपूरच्या महाल भागात आमचं लाकडी नंदीचं दुकान आहे. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोरंसोरं चाकाचे लाकडी नंदी सजवून घरोघरी फिरतात, बोजारा (खाऊ-पैसे) मागतात. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेल्यांना पोरांसाठी नंदी हवा असतो, म्हणून २०२३ साली वूकॉमर्स नावाच्या सॉफ्टवेअरवर ऑनलाइन दुकान टाकलं. वर्षातले साडेअकरा महिने शुकशुकाट आणि शेवटच्या आठ दिवसांत झुंबड, असा हा धंदा.

२०२४ च्या पोळ्याला साधं शेअर्ड होस्टिंग (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) होतं. जाहिरातीत 'अनलिमिटेड', पण आतल्या अटींत एका वेळी वीसच प्रोसेस, म्हणजे वीसच कामं. गर्दी झाली की 'मर्यादा संपली' सांगणारी ५०८ ची पाटी. म्हणून त्याच ऑक्टोबरात या कंपनीचा क्लाउड सर्व्हर घेतला : २ जीबी रॅम, ५० जीबी डिस्क. कंपनीचं नाव घेत नाही, सपोर्टशी अजून बोलणं चालू आहे.

पहिले नऊ महिने तक्रारीला जागाच नव्हती. एकदाही बंद पडला नाही. बॅकअप आपोआप. रात्री दोनला चॅटवर विचारलं तरी माणूस उत्तर देतो. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर डोळे मिटून पाच तारे दिले असते.

जुलैत तयारीला लागलो. मोबाइलवर काढलेले नंदीचे फोटो चार-चार एमबीचे तसेच चढवले होते, ते वेबपी या हलक्या प्रकारात बदलून शंभर केबीच्या आसपास आणले. पेज कॅशिंग लावलं, म्हणजे एकदा तयार झालेलं पान साठवून तेच सगळ्यांना दाखवायचं. पुढे क्लाउडफ्लेअर ही गर्दी झेलणारी सेवा ठेवली. भाच्याने के६ नावाच्या फुकट साधनाने मध्यरात्री दोनशे खोटी गिऱ्हाइकं सोडली. साइट हलली नाही. मी खूश. पण आम्ही तपासलं होतं फक्त होमपेज, आणि ते तर कॅशमधून जात होतं. सर्व्हरला त्याची झळच नव्हती. दुकानाबाहेरची पाटी वाचणारे दोनशे लोक मोजून आत गल्ला सांभाळता येईल असं आम्ही ठरवून टाकलं. गिऱ्हाइकाने एक नंदी कार्टमध्ये टाकला की कॅश बाजूला होते. कार्ट, चेकआउट, पैसे भरणं, हे सगळं दरवेळी नव्याने पीएचपी (साइट चालवणारा प्रोग्रॅम) आणि डेटाबेसकडे जातं. हे तेव्हा कळायला हवं होतं.

तरी धाकधूक होती, म्हणून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सर्व्हर ८ जीबीचा केला. आणि इथेच मी फसलो. स्क्रीनवर दोन पर्याय होते : फक्त सीपीयू-रॅम वाढवा, किंवा डिस्कही वाढवा, १६० जीबी. दोन्हीचा भाव सारखाच! आता तुम्हीच सांगा, भाव तोच असेल तर डिस्क कोण सोडेल? मी दुसरा पर्याय दाबला. खाली करड्या अक्षरांत, भिंगातून वाचावी अशी एक ओळ होती : डिस्क वाढवली की पुन्हा लहान प्लॅनवर येता येणार नाही.

२०२५ चा पोळा २२ ऑगस्टचा. कुरिअरला पुण्याला पोचायला चार दिवस धरून रविवार, १७ ऑगस्ट ही ऑर्डरची शेवटची तारीख ठेवली होती. त्या संध्याकाळी कुणीतरी आमच्या नंदीचं रील टाकलं आणि साडेसातला साइट लटकली. होमपेज उघडतंय, कार्ट फिरतंय, मग ५०४, म्हणजे सर्व्हरचं वेळेत उत्तर नाही. डॅशबोर्डवर सीपीयू १८ टक्के, रॅम निम्म्याहून जास्त मोकळी. एवढे पैसे मोजून घेतलेलं मशीन हातावर हात ठेवून बसलेलं.

सपोर्टने सल्ला दिला, अजून मोठा प्लॅन घ्या. मी कार्ड काढायच्या बेतात होतो, तेवढ्यात हैदराबादहून भाच्याचा फोन आला. "मामा, थांबा, पैसे नका भरू. मशीन रिकामं बसून राहिलं ना! वर्कर पाचच आहेत. दरवाजेच पाच ठेवले तर लोकं आत येतीन कुठून?"

पीएचपीची कामं वाटून देणाऱ्या पीएचपी-एफपीएमच्या मूळ सेटिंगमध्ये एका वेळी पाचच वर्कर, म्हणजे एकेक विनंती हाताळणाऱ्या पाचच प्रोसेस, असतात. सर्व्हर चौपट केला तरी हा आकडा आपोआप वाढत नाही. आमचं चेकआउट सुमारे दोन सेकंद घ्यायचं, म्हणजे पाच वर्कर सेकंदाला अडीच विनंत्या निपटणार, बाकी रांगेत. भाच्याने पाचाचे चाळीस केले, सेवा रीस्टार्ट केली. दीड मिनिटात साइट धावायला लागली.

त्याआधीचा गोंधळ मात्र मी निस्तरला. यूपीआयने पैसे कापले गेले, पण पैसे घेणाऱ्या पेमेंट गेटवेचा निरोप आमच्या लटकलेल्या सर्व्हरपर्यंत पोचला नाही, म्हणून ऑर्डर 'पेंडिंग'. वूकॉमर्स अशा न भरलेल्या ऑर्डरींचा माल मुळात साठ मिनिटं अडवून धरतं आणि मग ऑर्डर रद्द करतं. म्हणजे दुकानात चौदा मोठे नंदी डोळ्यांसमोर, साइटवर 'स्टॉक संपला', आणि फोनवर पिंपरीच्या ताई : "दादा, पैसे गेले, नंदी येणार ना?" रात्री बारापर्यंत बँकेचे मेसेज आणि ऑर्डरी जुळवत बसलो. आता ती मुदत पंधरा मिनिटं केली आहे.

आधी या कंपनीला एक तारा द्यायचं ठरवलं होतं. पण खरं बोलायचं तर वर्करचा दोष त्यांचा नाही. रिकामा सर्व्हर घेतला की सेटिंग आपलीच जबाबदारी. सपोर्टने मोठा प्लॅन गळ्यात मारायच्या आधी लॉग, म्हणजे सर्व्हरची नोंदवही, बघायला हवा होता, एवढंच म्हणेन. भाच्याच्या हिशेबाने एक वर्कर ऐंशी-नव्वद एमबी खातो. म्हणजे जुन्या २ जीबीवर डेटाबेसची जागा सोडूनही दहा-बारा वर्कर बसले असते. चेकआउटमधली तीन निकामी प्लगिन (जोड-सॉफ्टवेअर) काढल्यावर तेच काम आता सेकंदाच्या आत होतं. म्हणजे जुनाच सर्व्हर सेकंदाला दहा विनंत्या आरामात निपटू शकला असता. हे कळल्यावर डिस्कचा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

२३ तारखेला दुकानासमोरून लोक मारबतीच्या, म्हणजे रोगराई-संकटं घेऊन जाणाऱ्या पुतळ्याच्या, मिरवणुकीला निघाले होते. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गजर चालू होता आणि मी मनात १६० जीबीची डिस्क त्यांच्या हवाली करत होतो. पुढच्या वर्षी कुणी बडग्या (त्याच मिरवणुकीतला चालू विषयावर टोला मारणारा पुतळा) करणार असेल तर विषय माझ्याकडून फुकट.

सपोर्टला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा अत्यंत नम्र नकार. तांत्रिक कारण मला पटतं : डिस्क लहान करताना वरचा डेटा तुटायची भीती असते. पण मग भाव सारखा ठेवून दोन बटणं शेजारी-शेजारी का ठेवता? परतीचा रस्ता एकच, नवा लहान सर्व्हर घेऊन अख्खी साइट तिकडे हलवायची. ते मला जमत नाही आणि भाचा दिवाळीलाच येतो.

तारे तीन. सर्व्हर मजबूत आहे, एवढ्या गर्दीतही मशीन पडलं नाही, हे मान्य. घेणार असाल तर घ्या. गर्दीआधी वाढवायचा असेल तर 'फक्त सीपीयू-रॅम' वालंच बटण दाबा, वर्करचा आकडा बघा, आणि चाचणी कार्टपासून पैसे भरेपर्यंत करा, गेटवे टेस्ट मोडवर ठेवून, म्हणजे खरे पैसे न कापता.

१६० पैकी माझे ११ जीबी वापरात आहेत. हिने विचारलं, एवढं भाडं भरताय तर जागा रिकामी कशाला? म्हणून कालपासून भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ तिथे चढवतोय. हळद झाली, सीमांतपूजन चालू आहे.