उद्यमबागेतले मेस्त्री आणि माझी धाप लागणारी कमांडर

पाटी शोधत गेलात तर हे गॅरेज सापडणार नाही. बेळगावात तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडनं उद्यमबागेत शिरायचं आणि जुन्या डिझेल गाड्यांचे मेस्त्री कुठं बसतात ते कुणालाही विचारायचं. एका फौंड्रीच्या मागल्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड आहे. बाहेर दोन-तीन जीपा नाक जमिनीला लावून उभ्या असतात, तीच पाटी.

माझी गाडी म्हणजे महिंद्राची कमांडर, 1998 ची, डिझेल. जांबोटीजवळ आमचं शेत आहे. भात, काजू, कधी शेणखत, सगळं हिच्यातच. पंधरा वर्षं उलटल्यापासून दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन पासिंग करून आणतो. घरचे म्हणतात विकून टाका. विकत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर हिला धाप लागायला लागली. सपाटीला ठीक चालायची, चढ लागला की पिकअप जायचा. एकदा गोव्यातल्या साखळीहून परत येताना चोर्ला घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर आलो आणि वळणावर इंजिन गप्प. मागं ट्रकांची रांग. दहा मिनिटांनी हातपंप (इंजिनाकडं हातानं डिझेल ओढायचा) मारला तर काही झालंच नाही अशी सुरू झाली, आणि कणकुंबीच्या अलीकडे परत तेच.

मेस्त्रींकडं जायच्या आधी दोन ठिकाणी पैसे घालवले, तेही सांगतो. एका ठिकाणी डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले, चारही नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे, उतरवून बसवले. काडीचाही फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "पंप गेलाय, उतरवून कॅलिब्रेशन करायला पाहिजे, चौदा हजार." मायकोचा पंप आहे, नोझलना दाबानं डिझेल देणारा. कंपनीचं नाव 2008 सालापासून बॉश झालं तरी आमच्याकडं तो मायकोच. पंप उतरवायला मी तयारही झालो होतो. मेहुण्यानं अडवलं आणि इथं पाठवलं.

मेस्त्री साठीच्या पुढचे. पहिला प्रश्न कन्नडमध्ये, "एन् आगैत्री?" म्हणजे काय झालंय? मी मराठीत सुरू केल्यावर तेही मराठीवर आले. गाडीला हात न लावता दहा मिनिटं नुसती चौकशी. कधी बंद पडते? गरम झाल्यावर की गारच असताना? चढावरच की उतारावर पण?

"धूर कसला सोडतीय?"

"काळा नव्हे, पांढरा नव्हे. दम जातो तेव्हा धूरच नसतो."

"मग इंजिनाला खायलाच मिळंना झालंय." काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, पांढरा म्हणजे डिझेल जातंय पण नीट जळत नाही, आणि दम जाऊन धूरच नाही म्हणजे डिझेलच पोचत नाही. एवढं त्यांनी हात पुसता पुसता सांगितलं. मग विचारलं, टाकी किती आहे?

मी म्हटलं, फुल. येतानाच भरून आलोय.

"मग आज कशाला आलाय ओ? पाव टाकीवर या की."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. पण घरी जाताना आठवलं, टाकी भरली की आठवडाभर गाडी खरंच बरी चालते. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

चार दिवसांनी काटा पावच्या खाली नेऊन परत गेलो. मेस्त्रींनी आधी टाकीचं झाकण उघडून कान लावला. झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं तर टाकीत ओढ तयार होते आणि उघडताना फुस्स असा आवाज येतो. तसं काही नव्हतं. मग फिल्टरच्या अलीकडे काळी नळी काढून वीतभर पारदर्शक नळी जोडली, सलाइनची असते तशी पण जाड. गाडी सुरू करून पोराला रेस द्यायला सांगितली आणि मला म्हणाले, बघा. पिवळसर डिझेलमधून साबुदाण्यापेक्षा बारीक बुडबुडे एकामागं एक निघाले होते. रेस वाढवली की रांग दाट, सोडली की विरळ. गाडी एअर घेत होती. तीन महिने मी जिचं नाव शोधत होतो ती भानगड डोळ्यांसमोरून वाहत होती.

त्यानंतर टाकीचा संबंधच तोडला. पाच लिटरचा कॅन बॉनेटच्या दांडीला टांगून नळी थेट इंजिनाला दिली आणि मागं तीन पोरं नि एक जुना गिअरबॉक्स टाकून येळ्ळूरवरून राजहंसगडाच्या चढाला घेतली. तिसऱ्या गिअरवर ओढली. म्हणजे पंप चांगला, नोझल चांगले, रोग टाकी आणि फिल्टरच्या मधेच कुठंतरी. चौदा हजार त्या चढावर वाचले.

दोष निघाला टाकीवरच्या रबरी नळीत. क्लिप सोडली तर खालच्या अंगाला केसाएवढी चीर. बाहेर डिझेलचा थेंब नाही, म्हणून कुणाला दिसली नाही. त्या बाजूला डिझेल ढकललं जात नाही, ओढलं जातं, त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. टाकी भरलेली असली की ओढ कमी पडते आणि भागतं. टाकी उतरली, वर चढाला इंजिनानं जास्त मागितलं, की हवा घुसलीच. टाकीतली जाळी पण काढून दाखवली, गाळानं अर्धी बसली होती.

नळी, क्लिपा, तांब्याचे वॉशर मिळून 380 आणि मजुरी 600. पक्कं बिल मिळत नाही, वहीच्या पानावर हिशेब. त्यानंतर घाट तीनदा चढलो, हातपंपाला हात लावला नाही.

त्याच दिवशी एक मारुती 800 आली होती, कार्बोरेटरवाली, तापली की बंद. मेस्त्रींनी इग्निशन कॉइलवर ओलं फडकं टाकलं, दोन मिनिटांत सुरू. कॉइल बदला म्हणाले, ती बाहेरून आणायला सांगितली.

तक्रारी आहेत. फोन उचलत नाहीत. सीटवर ग्रीसचा पंजा उमटवून दिला. एक क्लिप ढिली ठेवली होती, दोन दिवसांनी डिझेलचा वास यायला लागला. परत गेल्यावर फुकट आवळली, पण दीड तास चहात गेला. अमावस्येला मोठं काम उघडत नाहीत. स्कॅनर नाही, त्यामुळे चेक इंजिनचा दिवा लागणारी गाडी असेल तर जाऊच नका, तेही घेत नाहीत.

सकाळी नऊच्या आत पोचा. आणि टाकी भरून नेऊ नका, परत पाठवतील.