फ्रँकोची गिटार ऐकायची असेल तर सुरुवात इथून करा

काँगोच्या संगीताबद्दल बोलणं निघालं की ओळखीतले लोक एकच विचारतात, सुरुवात कुठून करू? यूट्यूबवर तिथला गाजलेला गिटारवादक आणि बँडप्रमुख फ्रँको याचं नाव टाकलं की गाण्यांचा ढीग येतो. त्यात साल नसतं, गायकाचं नाव नसतं, आणि आवाज कुठल्या तरी झिजलेल्या कॅसेटवरून उचललेला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. लंडनच्या स्टर्न्स कंपनीने 2008 साली काढलेला 'फ्रँकोफोनिक'चा पहिला भाग घ्या. दोन सीडी आहेत, 1953 ते 1980 या काळातली निवडक गाणी आहेत आणि सोबत जाड पुस्तिका आहे. निवड केन ब्राउन यांची, पुस्तिकेतला लेखही त्यांचाच.

मी काँगोच्या राजधानीत, किन्शासात, औषधं आयात करणाऱ्या एका कंपनीत हिशेब सांभाळते. या शहरात संगीत टाळायचं म्हटलं तरी टाळता येत नाही. टॅक्सीत ते असतं, रस्त्याकडेच्या बिअरबारमध्ये असतं, आणि कुणी गेलं की मातमाच्या मांडवात रात्रभर स्पीकर चालू असतात. सुरुवातीला मला हे सगळं एकसारखंच वाटायचं. गोड आवाज, गोड गिटारी, न संपणारी गाणी. कोणतं गाणं साठच्या दशकातलं, कोणतं गेल्या वर्षीचं, एवढंसुद्धा कळत नव्हतं. या दोन तबकड्यांनी मला कान दिले.

फ्रँको म्हणजे फ्रँस्वा लुआंबो माकियादी. जन्म 1938 चा, सोना बाता गावचा. वडील लवकर गेले. आई किन्शासाच्या बाजारात मिकाते विकायची. मिकाते म्हणजे तेलात तळलेले पिठाचे गोड गोळे, आजही इथे सकाळी नाक्यानाक्यावर मिळतात. आईच्या पाटीशेजारी बसून हा पोरगा डबा आणि तारा जोडून केलेली गिटार वाजवायचा आणि गिऱ्हाईक जमवायचा. पंधराव्या वर्षी त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं, लोनिंगिसा नावाच्या स्टुडिओत. तो ग्रीक व्यापाऱ्यांचा होता. त्या काळी इथल्या तबकड्यांचा धंदा बऱ्याच अंशी ग्रीकांच्याच हातात होता. 1956 साली ओके जाझ हा बँड उभा राहिला, आणि 12 ऑक्टोबर 1989 रोजी बेल्जियममध्ये नामूर इथे मरेपर्यंत फ्रँकोने तो चालवला. तो गेला तेव्हा देशात चार दिवस दुखवटा होता. ही माहिती कुठेही मिळेल, पण ती डोक्यात ठेवून पहिली सीडी लावा, कारण तिथे एक पोरगा तुमच्यासमोर मोठा होतो.

पहिल्या सीडीवरची सुरुवातीची गाणी तीन-साडेतीन मिनिटांची आहेत. त्या काळच्या मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीवर त्याहून जास्त मावायचं नाही. क्यूबाच्या गाण्यांचा ठसा उघड ऐकू येतो. त्या तबकड्या तीस-चाळीसच्या दशकांत जहाजांतून काँगोत आल्या आणि इथल्या लोकांना त्यांत आपलाच ताल सापडला, कारण तो गुलामांबरोबर मुळात इथूनच गेला होता. 'आँ आंत्र ओके, आँ सोर्त का.ओ.' हे याच काळातलं. आत येताना ओके, बाहेर पडताना चीत, असं बँडचं ब्रीद. गाणं साधं आहे, पण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची रग त्यात आहे. मी ते आठवडाभर रोज ऐकलं तरी कंटाळा आला नाही.

आता गिटारकडे लक्ष द्या. फ्रँको अंगठा आणि तर्जनी एकदम वापरून दोन तारा छेडतो. त्यामुळे एक सूर न येता सुरांची जोडी येते, आणि ती किंचित खरखरीत असते, धातूची धार असलेली. त्याच काळात दुसरीकडे, जोसेफ काबासेलेच्या आफ्रिकन जाझ या बँडमध्ये, निको कासांदा गिटार वाजवत होता. निकोचं वाजवणं पाण्यासारखं वाहतं, एकेक सूर सुटा आणि स्वच्छ. किन्शासातली जुनी माणसं आजही यावरून वाद घालतात. एक घराणं निकोचं, एक फ्रँकोचं. मी फ्रँकोच्या बाजूची. निको ऐकताना मी थक्क होते, फ्रँको ऐकताना पाय हलतात.

दुसऱ्या सीडीवर सत्तरचं दशक येतं आणि सगळं मोठं होतं. बँड मोठा, ब्रास म्हणजे ट्रंपेट-सॅक्सोफोनसारख्या फुंकवाद्यांचा ताफा मोठा, गाण्यांची लांबी मोठी. 45 च्या तबकडीच्या दोन्ही बाजू आता एकाच गाण्याला लागतात. गाण्याचा पहिला भाग शब्दांचा, संथ, दोन-तीन गायकांनी मिळून उचललेला. मग एका जागी ताल सरकतो, शब्द मागे पडतात आणि गिटारी पुढे येतात. याला इथे 'सेबेन' म्हणतात. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: विलंबितातून द्रुतात शिरताना बैठकीत जी हालचाल होते तीच इथे होते, फक्त इथे माणसं खरोखर उठून नाचायला लागतात.

सेबेन समजून घ्यायचा असेल तर 'आझ्दा' लावा. 1973 च्या आसपासचं गाणं. आझ्दा म्हणजे किन्शासात फोक्सवॅगन गाड्या विकणारी कंपनी, आणि हे गाणं म्हणजे तिची जाहिरात. 'वे वे, वे वे' असं जे पालुपद येतं ते फोक्सवॅगनच्या VW या दोन अक्षरांचा इथला उच्चार आहे. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी आमच्या ड्रायव्हरकाकांना दोनदा विचारून खात्री करून घेतली. एवढं सुंदर गाणं आणि ते गाड्यांच्या दुकानासाठी!

ते कसं ऐकायचं ते सांगते. पहिल्यांदा फक्त बास धरा. बास ठोक्यावर चालत नाही. तो थांबतो, मग दोन पावलं टाकतो, परत थांबतो. दुसऱ्यांदा ऱ्हिदम गिटार ऐका, ती सगळ्यात खाली बसून तीच वीण विणत राहते. तिसऱ्यांदा मधली गिटार शोधा. तिला इथे 'मी-सोलो' म्हणतात, ती ऱ्हिदम आणि मुख्य गिटार यांच्या मध्ये राहते, आणि काँगोच्या बँडचा खरा गुपित मसाला ती आहे. ती एक छोटी आकृती घेते आणि सोडतच नाही. मुख्य गिटार वर काहीही करो, ही हटत नाही. चौथ्यांदा फ्रँकोकडे या. एव्हाना ब्रास आलेला असतो, गायक अजून 'वे वे' म्हणत असतात, आणि त्यांच्या मधल्या फटीतून त्याची ती दुहेरी तार वाजते. एका बाजूला काढलेला एकही सूर नाही, सगळे एकमेकांत अडकलेले. चार वेळा ऐकायला साधारण चाळीस मिनिटं जातील. द्या ती.

'माबेले' हे दुसरं गाणं ज्याच्यासाठी मी ही सीडी कुणालाही देईन. 1974 चं. लिहिलंय सिमारो लुतुंबाने, ज्याला सगळे कवी म्हणायचे, आणि गायलंय साम मांग्वाना. मांग्वाना मूळचा फ्रँकोच्या प्रतिस्पर्ध्याकडचा, ताबू ले रोशेरोच्या बँडमधला. 1972 मध्ये तो ओके जाझमध्ये आला तेव्हा शहरात मोठा गहजब झाला होता. माबेले म्हणजे माती, आणि गाणं मरणाचं आहे. आमचे ड्रायव्हरकाका साठीचे आहेत, ऑफिसात त्यांना सगळे आदराने 'वियू', म्हणजे फ्रेंचमध्ये म्हातारबुवा, म्हणतात. लिंगाला, म्हणजे या गाण्यांची भाषा, मला बाजारहाटापुरती येते, त्यामुळे गाण्यांचे अर्थ तेच सांगतात. या गाण्याच्या वेळी मात्र त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "ममा, आधी गाणं होऊ दे, मग बोलू." गाणं झाल्यावर ते सिमारोबद्दल बोलले ते शहरातल्या गोंबे भागापासून थेट विमानतळापर्यंत. विमानतळाचा रस्ता तुंबलेला होता, त्यामुळे बोलणं भरपूर झालं.

पुस्तिका इंग्रजीत आहे आणि वाचण्यासारखी आहे. फ्रँको हुकूमशहा मोबुतूच्या काळात जगला, त्याची गाणी गायला, परकी नावं टाकून आफ्रिकन नावं घ्यायला लावणाऱ्या त्याच्या 'ऑथेंटिसिटे'च्या मोहिमेत ख्रिस्ती नाव टाकून माकियादी झाला, आणि 1978 मध्ये अश्लील गाण्यांसाठी त्याच राजवटीच्या तुरुंगातही गेला. या माणसाला एका बाजूला बसवता येत नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण चाहते त्याला संत करतात आणि टीकाकार भाट.

तक्रारी सांगते. पुस्तिकेतली अक्षरं बारीक आहेत, चष्मा लावूनही मला दिव्याखाली धरावी लागली. पन्नासच्या दशकातल्या मुद्रणांचा आवाज पातळ आहे, त्याला इलाज नाही. आणि फ्रँकोने एवढं प्रचंड काम केलंय की दोन सीडींत कुणाचं ना कुणाचं आवडतं गाणं सुटणारच. वियूंचं एक सुटलंय, त्याबद्दल ते अजून नाराज आहेत. माझी प्रत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून सेकंडहँड घेतली, ती आली तेव्हा डबीचे मधले दात तुटलेले होते आणि दुसरी सीडी आत सैल खडखडत होती. सुदैवाने ओरखडा नव्हता. सेकंडहँड घेणार असाल तर आतला फोटो आधी मागवा.

आमच्या ऑफिसातली तरुण मंडळी फ्रँकोला आजोबांचं संगीत म्हणतात. त्यांच्या कानात फाली इपुपा, फेरे गोला हे आजचे गायक. मलाही फाली मनापासून आवडतो. 2006 चा 'द्र्वा शमँ' आला तेव्हापासून त्याचा तो मऊ, किंचित नाकातला आवाज या शहरावर राज्य करतोय. मधल्या काळात बरंच बदललं. 1969 च्या शेवटी झाइको लांगा लांगा हा बँड आला, त्यांनी ब्रास काढून टाकला आणि ड्रम पुढे आणला. मग सेबेनमध्ये आरोळ्या देणारा 'आतालाकु' आला. वेंगे म्युझिका हा बँड आला, 1997 मध्ये फुटला, गायक कोफी ओलोमिदेच्या क्वार्तिए लाते बँडमधून फाली बाहेर पडला. आणि 'लिबांगा' वाढला. लिबांगा म्हणजे पैसे देणाऱ्याचं नाव गाण्यात घ्यायचं. आजच्या काही गाण्यांत एवढी नावं येतात की हिरे व्यापाऱ्यांपासून राजकारण्यांपर्यंत सगळे हजेरी लावून जातात. जुनी माणसं यावर फार चिडतात, पूर्वी असं नव्हतं म्हणतात.

मी त्यांना 'आझ्दा' ऐकवते. पूर्वीही होतंच की. पैसे देणारा तेव्हाही गाण्यात बसलेला होता, पालुपदातच बसलेला होता. फरक असलाच तर एवढाच की त्याचं नाव घेऊन झाल्यावर गिटारींना पुरेसा वेळ दिलेला होता. फालीच्या चांगल्या गाण्यांत तो वेळ आजही मिळतो. मी-सोलो तशीच मध्ये बसलेली असते, बास तसाच थांबून पावलं टाकतो. या सीडीनंतर मला नवीन गाण्यांतही ते ऐकू यायला लागलं, आणि माझ्यासाठी या खरेदीची खरी किंमत तिथे वसूल झाली. 2021 च्या डिसेंबरमध्ये काँगोच्या रुंबाला युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली तेव्हा किन्शासात आनंद झालाच, पण इथे कुणाला ते जपून ठेवायची वस्तू वाटत नाही. ते रोज वाजतंय.

दुसरा भाग 2009 मध्ये आला, तोही दोन सीडींचा, 1980 ते 1989. तो नंतर घ्या. ऐंशीच्या दशकात फ्रँको गाण्यापेक्षा बोलायला लागला, लांबच लांब गोष्टी सांगायला लागला. 1985 च्या 'मारिओ'त एक शिकलेला, ऐतखाऊ तरुण वयाने मोठ्या बाईच्या जिवावर राहतो त्याची कहाणी आहे, आणि 1987 मध्ये एड्सबद्दल सावध करणारं गाणं आलं. या काळात शब्द कळले नाहीत तर अर्धी मजा जाते. पहिल्या भागात तसं नाही. लिंगालाचा एक शब्द येत नसला तरी गिटार कळते.

शेवटचं म्हणजे मोबाइलच्या स्पीकरवर हे ऐकू नका. बास निघूनच जातो, आणि बास गेला की 'आझ्दा' नुसतं गोड गाणं उरतं. साधे हेडफोन चालतील. आणि फ्रँको झाल्यावर त्याच कंपनीचा ताबू ले रोशेरोवरचा 'द व्हॉइस ऑफ लाइटनेस' घ्या, 2007 चा, त्यातही दोन सीडी, 1961 ते 1977. त्यातलं 'मोकोलो नाकोकुफा' आधी लावा.