बॅटरीवरचं गवत कापायचं मशीन: वळवापासून दिवाळीपर्यंत वापरून काय वाटलं

आधी निकाल सांगते, मग बाकीचं. घराभोवती दोन-चार गुंठे मोकळी जागा आहे आणि पावसाळ्यात दर आठवड्याला थोडा वेळ काढायची तयारी आहे अशांनी बिनधास्त घ्या. आणि ज्यांना वर्षातनं एकदाच, गणपतीच्या तोंडावर, कमरेएवढं वाढलेलं रान सपाट करायचंय त्यांनी नका घेऊ, त्यांचं काम पेट्रोलच्या मशीननं होतंय नाहीतर कोयत्यानं. या मशीनबद्दल ज्या शिव्या ऑनलाइन वाचायला मिळतात ना, त्यातल्या अर्ध्याअधिक या दुसऱ्या प्रकारच्या लोकांच्या आहेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचं घर कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला, पाच गुंठ्यांचा प्लॉट, पुढं थोडी बाग, मागं परडं, आणि दोन बाजूचे प्लॉट रिकामे. मृग लागला की गवताचं काय होतंय ते इकडच्या लोकांना सांगायला नको, आज कापलं तर पंधरा दिवसांनी परत पोटरीएवढं. त्यात जून-जुलैत कामाला माणूस मिळत नाही, बायका सगळ्या भांगलणीला नाहीतर भाताच्या रोप लावणीला, आणि कोण आलंच तर परड्यातल्या एवढ्याशा गवतासाठी पूर्ण हजेरी द्यावी लागते, ते त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. पूर्वी मामा (माझे सासरे) बसून विळ्यानं काढायचे, आता त्यांचा गुडघा वाकत नाही. आणि आत्यांना (माझ्या सासूबाईंना) सापाची धास्ती, ती पण उगाच नाही, आमच्या भागात घोणस निघते आणि ती गवतात पाचोळ्यात पडून राहिली तर दिसत पण नाही. म्हणून वळीव पडायच्या आधी हे घेतलं.

पेट्रोलचं का नाही घेतलं असं सगळेच विचारतात. माझ्या भावाकडं माहेरी आहे, तो उसाच्या बांधावर वापरतोय आणि तिथं त्याला तोड नाही हे मी मान्य करते. पण ते सात-आठ किलोचं धूड खांद्याला अडकवायचं, दोरी ओढून ओढून चालू करायचं, टू-स्ट्रोक असल्यानं पेट्रोलमध्ये ऑइल मापात मिसळायचं, आणि सकाळी सातला चालू केलं की अख्खी गल्ली जागी. आमच्या घरात दुपारपर्यंत मी, आत्या आणि मामा, हे शिफ्टला गोकुळ शिरगावला. म्हणजे वापरणार कोण तर मीच. बॅटरीचं मशीन बॅटरीसकट दोन-अडीच किलोच्या आत आहे, दांडा लहान-मोठा होतो, माझ्यासारख्या पाच फुटाच्या बाईला वाकावं लागत नाही. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. आवाज आहे पण मिक्सरपेक्षा कमीच वाटतो.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा एकच सांगाडा ऑनलाइन दहा नावांनी विकला जातोय, रंग फक्त वेगळा. नावापेक्षा बॅटरी बघा. तुम्ही खरं तर बॅटरी विकत घेताय आणि तिच्याबरोबर एक दांडा आणि मोटर येते असं समजा. बॉक्सवर कुठं 21 व्होल्ट, कुठं 48, कुठं 88 असले आकडे छापलेले असतात. आत पाच सेल एकामागं एक जोडलेले असतात. एक लिथियम सेल फुल चार्जला 4.2 व्होल्ट, म्हणजे पाच सेलचे 21, आणि चालताना सरासरी 18 धरा. पाच सेलमधनं 48 येणारच कुठनं? माझा पुतण्या आयटीआयला आहे, त्यानं मल्टीमीटर लावून दाखवलं, चार्ज झाल्या झाल्या 20.6. म्हणजे माझ्या बॉक्सवरचं 21 खरं निघालं. व्होल्टनंतर अँपिअर-अवर बघा, म्हणजे बॅटरीत किती साठा बसतो तो आकडा, छोट्या बॅटरीत तो 2 असतो. 18 गुणिले 2 म्हणजे 36 वॅट-अवर, एवढीच शिदोरी त्या छोट्या बॅटरीत असते. 4 ची घेतली तर दुप्पट, पण हाताला वजनही जाणवतं.

आता वेळेचं. जाहिरातीत चाळीस-पंचेचाळीस मिनिटं म्हणतात. तसं चालतं, पण हवेत. खऱ्या गवतात 2 अँपिअर-अवरची बॅटरी पंधरा ते वीस मिनिटं पुरते, आणि ओलं दाट गवत असलं की त्याहून कमी. कोरड्या हरळीवर नुसतं फिरवत गेलं तर वीसच्या पुढं जाते. त्यामुळं दोन बॅटऱ्या असल्याशिवाय घेऊच नका, सेटमध्येच दोन येतात तो घ्या, नंतर सुटी घ्यायला गेलं की निम्म्या मशीनची किंमत सांगतात. माझं एका बॅटरीत पुढची बाग आणि गेटची बाजू होते, दुसरीत परडं. मध्ये बॅटरी गरम होते आणि जास्त लोड आला की आपोआप बंद पडते. मशीन बिघडलं म्हणून घाबरू नका, आत संरक्षणाचं सर्किट असतं ते तोडतं, दहा मिनिटं सावलीत ठेवली की परत चालते. फक्त गरम बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, सेलचं आयुष्य कमी होतंय. माझी सवय अशी की काम संपलं की बॅटरी काढून कट्ट्यावर ठेवायची, आंघोळ, स्वयंपाक उरकायचा आणि मग चार्जिंगला. 2 ची बॅटरी आणि 1 अँपिअरचा चार्जर म्हणजे दोन तासाच्या वर लागणारच, त्यात काही दोष नाही.

दोरी की ब्लेड, यावर सगळ्यात जास्त गोंधळ दिसतो. माझ्या मशीनबरोबर नायलॉनच्या दोरीचं रीळ, प्लास्टिकची पाती आणि एक लोखंडी गोल ब्लेड आलं. मऊ गवताला, कंपाऊंडच्या भिंतीलगत, पायरीच्या कडेला दोरीच. दोरीच्या नुसत्या टोकानं कापायचं, हेड गवतात खुपसायचं नाही, वरनं खाली थरा-थरानं यायचं, हे जमलं की बॅटरी पण जास्त पुरते. पण दोरीला तारेच्या कुंपणाचं वावडं आहे. तारेला घासली की तुटते, ते एक वेळ चालतं, पण आत रिळात काय होतंय ते बघा: थरथरून आणि तापून दोरीचे वेढे एकमेकाला चिकटतात. रीळ उघडलं की वेटोळं वरनं व्यवस्थित दिसतं, पण ओढायला गेलं तर दोन वेढे मिळून एक झालेले, नखानं सोडवावं लागतं आणि सोडवलं की तिथंच तुकडा पडतो, जळक्या प्लास्टिकचा वास येतो तो वेगळाच. यावर उपाय म्हणजे नवी दोरी भरायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजत घालायची. नायलॉन पाणी धरतं, मऊ पडतं, मग कडकन तुटत नाही. आणि भरताना वेढे शेजारी-शेजारी, एकावर एक तिरके न घालता. हे केल्यापासून माझी दोरी जवळजवळ दुप्पट टिकते.

दोरीची जाडी मात्र बघून घ्या. लक्ष्मीपुरीत, शाहूपुरीत हार्डवेअरच्या दुकानात विचारलं की पेट्रोल मशीनची 2.4 किंवा 3 मिलिमीटरची जाड दोरी पुढं करतात. आपल्या छोट्या मशीनला 1.6 च्या आसपासचीच लागते, जाड घातली की मोटर ओढत नाही आणि बॅटरी झरझर उतरते. बारीक दोरी मला शेवटी ऑनलाइनच मागवावी लागली.

प्लास्टिकची पाती थोड्या राठ देठाच्या गवताला बरी, दगडाला लागली की तुटतात पण स्वस्त आहेत, पुडीच आणून ठेवायची. लोखंडी ब्लेड मी वापरत नाही आणि तुम्हीही घरात वापरू नका असं कळकळीनं सांगते. दगडाला लागलं की मशीन हातातनं झटका मारतं, आणि या स्वस्त मशीनचं गार्ड म्हणजे पातळ प्लास्टिक, ते काय अडवणार.

आता गवतातलं गवत. हरळी छान कापली जाते, लॉनसारखी दिसते. लव्हाळा कापून काही उपयोग नाही, त्याचे गड्डे खाली मातीत असतात, चार दिवसात परत टोचरी पानं वर. टाकळा लहान असतानाच कापायचा, ऑगस्टनंतर देठ लाकडासारखा होतो. आणि काँग्रेस गवत, त्याला मशीन लावूच नका, ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हे बाहेरनं आलेलं तण, 1955-56 च्या सुमाराला पुण्यात त्याची नोंद झाली आणि आता बघावं तिथं तेच. एकेका झाडाला हजारो बिया धरतात. वरनं कापलं की बुडातनं परत फुटतं, आणि दोरीनं कापताना त्याचा चिकटा रस नि फुलांचा भुगा आपल्याच हातातोंडावर उडतो, कातडीला खाज, पुरळ, कुणाला दमा. ते पाऊस पडून माती मऊ झाली की, फुलावर यायच्या आधी, हातमोजे घालून मुळासकट उपटायचं. पावसाळ्यात त्यावर पांढरट पट्ट्यापट्ट्याचे छोटे भुंगेरे दिसले तर त्यांना मारू नका, मेक्सिकन भुंगेरे म्हणतात ते, काँग्रेस गवत खाण्यासाठीच आपल्या देशात मुद्दाम आणलेत, पानांची चाळण करून टाकतात.

अजून एक गोष्ट, जी कुणीच लिहीत नाही. दोरी झिजते म्हणजे जाते कुठं? तिचे बारीक तुकडे गवतातच पडतात. आमच्या पलीकडच्या मावशींच्या दोन म्हशी आहेत, त्या पहिल्यांदा हौसेनं पाटी घेऊन आल्या, कापलेलं गवत वैरणीला नेते म्हणाल्या. मी नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं असणार, पण मी मूठभर गवत उचलून दाखवलं, त्यात पिवळ्या दोरीचे जिऱ्याएवढे तुकडे चमकत होते, आणि गवत पण सगळं चिंध्या झालेलं, मातीनं माखलेलं, म्हशीनं तोंड लावलं नसतं ते वेगळं. आता मागच्या बांधाकडचा पट्टा मी मशीन न लावता ठेवते, तो मावशी विळ्यानं कापून नेतात, त्यांची वैरण होते आणि माझं गवत निघतं. ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी हे पक्कं ध्यानात ठेवा, दूध आपणच पितो.

झाडांचं पण तसंच. दोरी मऊ आहे म्हणून झाडाला काही होत नाही असं वाटतं, पण कोवळ्या रोपाच्या बुंध्याला दोन-चार वेळा लागली की साल सोलून निघते, आणि चारी बाजूनं साल गेली की झाड उभ्या उभ्या वाळतं, कारण पानातलं अन्न त्या सालीतनंच मुळाकडं जातं. मी लिंबू, कढीपत्ता आणि जास्वंदीच्या बुंध्याभोवती पीव्हीसी पाइपचे वीतभर तुकडे उभे चिरून बसवलेत, प्लंबरकडं उरलेले फुकट मिळतात. बुंध्यालगतचं चार बोटं गवत खुरप्यानंच काढायचं.

डोळ्याला गॉगल, पायात गमबूट, अंगात पूर्ण बाह्या, याला पर्याय नाही. खडे गोळीसारखे उडतात. मशीनच्या माहितीपत्रकात पंधरा मीटरच्या आत कुणी नको असं लिहिलेलं असतं, आपल्या प्लॉटमध्ये पंधरा मीटर आणायचे कुठनं, म्हणून मी पोरं शाळेत गेल्यावरच काढते आणि गाडीवर जुनं बेडशीट टाकते. आणि दोरी बदलायची असो की गार्डखालचं गवत काढायचं असो, आधी बॅटरी बाहेर.

पावसाचं सांगायचं राहिलं. आमच्याकडं जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, उघडीप बघूनच काम करावं लागतं. भर पावसात मी चालवत नाही, पाणी चालेल असं या मशीनवर कुठं लिहिलेलं नाही. नुसतं ओलं गवत असलं तर चालतं, पण गार्डखाली हिरवा लगदा बसतो आणि मोटर जड जाते. काम सुरू करायच्या आधी गार्डला आतनं खोबरेल तेलाचा हात फिरवला की लगदा पटकन निघतो, ही युक्ती आत्यांची. बॅटरीच्या पितळी पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसायच्या, नाहीतर हिरव्या पडतात.

तक्रारी आहेतच. गार्डचा एक स्क्रू सारखा ढिला होतो. सेफ्टीचं बटण आणि चालू करायचं बटण दोन्ही एकदम दाबून ठेवावं लागतं, अंगठा भरून येतो. एका चार्जरचा दिवा लागेना झाला तर विकणाऱ्यानं फोनवर नुसतं आज-उद्या केलं, शेवटी दुसरा घेतला. मोटर कार्बनवाली आहे, म्हणजे आत झिजणारे कार्बनचे ब्रश असतात, ब्रशलेस (बिनब्रशची) असती तर त्याच बॅटरीत जास्त वेळ मिळाला असता, परत घ्यायची वेळ आली तर मी ब्रशलेसच घेईन. कार्बन झिजले तर उद्यमनगरात मिळतील, तिथं मापात बसणारं काहीतरी निघतंच, त्याची काळजी नाही.

आता दिवाळी झाली, गवत पिवळं पडलं, मशीनचं काम जवळपास संपलं. बॅटऱ्या फुल चार्ज करून ठेवायच्या नाहीत आणि रिकाम्या पण नाहीत, निम्म्या चार्जवर, मशीनमधनं काढून, घरात गार जागी. पत्र्याच्या खोलीत तर अजिबात नको, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली भट्टी असते. दीड-दोन महिन्यांनी एकदा बघायचं, उतरली असली तर थोडी चढवायची. माझ्या दोन्ही बॅटऱ्या आत्याबाईंच्या खोलीतल्या फडताळात खालच्या कप्प्यात ठेवल्यात, फेब्रुवारीत किती उतरतात ते बघून इथंच खाली लिहीन.