वाचक माझे, पेज त्यांचं

कोल्हापुरात कथा-कादंबऱ्या लिहिणारे वाढले, तसे ‘वाचक मिळवून देतो’ म्हणणारेही वाढले. त्यातल्या एकाने माझे पैसे घेतले आणि जाताना वाचकही नेले. पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली, म्हणून हे लिहितेय.

मी रहस्यकथा लिहिते. दोन कथा दिवाळी अंकांत आल्यावर फेसबुकवर दर गुरुवारी एक भाग टाकायला लागले. गडहिंग्लज, इचलकरंजी, गारगोटीहून लोक वाचायचे. खुनी कोण यावर कमेंटमध्ये भांडायचे. वैयक्तिक प्रोफाइलवर 5,000 मित्रांची मर्यादा असते, ती भरत आली. नेमका तेव्हाच शाहू स्मारकमध्ये एका प्रकाशन समारंभात हा गृहस्थ भेटला. राजारामपुरीत गाळा, दारावर ‘ऑथर ब्रँडिंग’ची पाटी.

“ताई, लिहिणाऱ्यानं लिहावं. लाइक-शेअरच्या मागं तुम्ही कशाला लागताय? आम्ही हाय की!”

पॅकेज 40 हजारांचं. त्यात पेज, जाहिराती, ई-बुक, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) आणि ‘दहा हजार वाचकांची हमी’. निम्मे पैसे आधी.

पेज सुरू झालं. माझ्या जुन्या वाचकांना मीच तिकडे बोलावलं, आणि ते आलेही. मग आकडा भराभर चढून दहा हजारांच्या पुढे गेला. कमेंट मात्र त्याच ओळखीच्या माणसांच्या. नवीन कोणी बोललंच तर काय बोलावं? प्रयाग चिखलीच्या घाटावर प्रेत सापडतं त्या भागाखाली ‘नाईस पिक डिअर’! पेजच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर कुठल्या शहरांतले आहेत ते दिसतं. पहिलं नाव ढाका, दुसरं मनिला. कोल्हापूर पार खाली. मराठी रहस्यकथेची एवढी आवड ढाक्यात कधी लागली, देव जाणे.

विकत आणलेले फॉलोअर नुसते निरुपयोगी नसतात, ते नुकसान करतात. पोस्ट टाकली की फेसबुक ती आधी थोड्या लोकांना दाखवतं आणि प्रतिसाद बघून पुढे नेतं. ती थोडी माणसंच खोट्या खात्यांची निघाली की पोस्ट तिथेच बसते. गारगोटीच्या वाचक काकांचा फोन आला, “ताई, लिहायचं बंद केलं काय?” मी दर गुरुवारी लिहीतच होते. त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं.

जाहिरातींबद्दल विचारलं की हा ‘रीच’चे, म्हणजे जाहिरात किती जणांपर्यंत पोचली त्याचे, स्क्रीनशॉट पाठवायचा, त्यावर लाखांचे आकडे. माझ्या भाच्याने मेटाची, म्हणजे फेसबुकच्या कंपनीची, ‘ॲड लायब्ररी’ उघडून दाखवली. ती फुकट आहे, कोणालाही बघता येते. पेजचं नाव टाकलं की त्या घडीला चालू असलेल्या जाहिराती दिसतात. आमच्या पेजची एकही नव्हती. मात्र ‘जाहिरात चालू आहे’ असं सांगितलं जातं, त्याच वेळी बघायचं. साधी जाहिरात बंद झाली की आपल्याकडे ती तिथे दिसत नाही.

पॅकेजमध्ये आयएसबीएनचे त्याने 3,000 धरले होते. भारतात हा नंबर राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सीकडून मिळतो. ती केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयाची, आणि शुल्क शून्य. लेखकाला स्वतः अर्ज करता येतो. शिवाय माझ्या पुस्तकाच्या नंबरावर प्रकाशक म्हणून नाव त्याच्या फर्मचं लागलं. मी लिहायचं, नोंद त्याची.

उरलेले पैसे देणार नाही म्हटल्यावर आठवडाभरातच पेजवरून माझं नाव गेलं. आज तिथे प्लॉट विक्रीच्या पोस्ट पडतात. पेज त्याच्या बिझनेस खात्यातून उघडलेलं. मला फक्त पोस्ट टाकण्यापुरता, म्हणजे ‘टास्क ॲक्सेस’ दिलेला. ॲडमिन केलंय असं तो सांगायचा आणि पोस्ट पडत होत्या, त्यामुळे वरून फरक कळत नाही. पेजच्या सेटिंगमध्ये ‘पेज ॲक्सेस’ उघडून बघा: तुमच्या नावापुढे ‘फुल कंट्रोल’ नसेल, तर पेज तुमचं नाही. कथांच्या फाइली घरी आहेत, त्या परत टाकता येतील. पण माझ्या शब्दावर तिकडे गेलेली माणसं आता प्लॉटच्या जाहिराती बघताहेत, हे मला जास्त लागलंय.

पोलिसांत हा पैशांच्या देवघेवीचा वाद आहे असं ऐकावं लागलं. म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. मुदत दोन वर्षांची. यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सॲपवरची बोलणी, पेजचं नाव बदलल्याचे स्क्रीनशॉट सगळं जोडलंय. पेजची जुनी नावं ‘पेज ट्रान्सपरन्सी’त दिसतात, ती तिथून पुसता येत नाहीत. खुनाचे धागे जुळवायची सवय इथे कामी आली.

सध्या व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवर कथा पाठवते. एका यादीत 256च नंबर बसतात आणि ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. गारगोटीचे काका त्यात आहेत. राजारामपुरीतला गाळा बंद झालाय, पण वेगळ्या नावाने तसेच फोन आता सांगलीतल्या लिहिणाऱ्या मैत्रिणींना येताहेत. पॅकेज या वेळी 15 हजारांपासून आहे, आणि ‘पेज आम्हीच उघडून देऊ’ हे वाक्य तसंच आहे.