'मागच्या चाकात हवा कमी आहे' असं सांगत कुणी शेजारून गेलं तर

गाडी चालवताना शेजारून एखादा बाइकवाला आला, तुमच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवत "हवा गेलीय, हवा!" असं ओरडला आणि पुढे निघून गेला, तर समोर दिसेल त्या पहिल्या पंक्चरच्या दुकानात वळू नका. गाडी बाजूला घ्या आणि टायर आधी स्वतः दाबून बघा. आमच्या बाबतीत टायरला काहीही झालेलं नव्हतं. तरीही अर्ध्या तासाने त्याच टायरला सहा भोकं होती, खिशातून तेवीसशे रुपये गेले होते, आणि खरं संकट तर पुढे मांढरदेवीच्या घाटात उभं होतं. पैशांचं मला एवढं वाटत नाही. त्या उतारावर जे झालं त्यामुळे हे सविस्तर लिहितोय.

परतीचा पाऊस ओसरला की मी आणि बायको दरवर्षी बाइक काढतो. नवरात्राच्या आसपासचे हे दिवस फिरण्यासाठी फार सुंदर असतात. भोरकडे भात निसवलेलं असतं, बांधावर सोनकी आणि तेरडा अजून टिकून असतो, सकाळी गारवा असतो आणि दुपारी ऊन लागलं की एखाद्या गावच्या पारावर बसून चहा घेता येतो. घाई नसते. हायवे जितका टाळता येईल तितका टाळायचा, कापूरहोळला भोरकडे वळायचं, भोरमधून आंबाडखिंडीने वर मांढरदेवीला आणि पलीकडे वाईत उतरायचं, हा आमचा आवडता रस्ता. वाईत मुक्काम, संध्याकाळी मेणवलीचा नदीवरचा घाट, दुसऱ्या दिवशी सातारा आणि कास. २०१२ साली जागतिक वारसा यादीत पश्चिम घाटाचा समावेश झाला, त्यात कास आहे. तेव्हापासून तिथे गर्दी वाढली. म्हणून आम्ही सुट्टीचे वार सोडून जातो.

हे तपशील मुद्दाम देतोय, कारण ही फसवणूक अशाच प्रवाशांवर बेतलेली आहे. ऑफिसला जाणारा माणूस रोजच्या दुकानात जातो, त्याला दर माहीत असतो, दुकानदारालाही तो उद्या परत दिसणार असतो. आमच्यासारखे लोक घरापासून लांब असतात, मागे बायको किंवा आई बसलेली असते, सामान बांधलेलं असतं, पुढे घाट असतो. आणि त्या गावात आम्ही परत कधी थांबणार नाही हे समोरच्याला पक्कं माहीत असतं.

आमच्या मार्गात हायवेचा जो तुकडा टाळताच येत नाही, तिथे तो बाइकवाला आला. वीस-बावीस वर्षांचा असावा. हेल्मेट नव्हतं, चेहरा रुमालाने बांधलेला होता. त्याने सांगितलं आणि पुढे गेला. मी थांबून चाक पायाने दाबून पाहिलं, मला ते कडकच वाटलं. पण मागे बसणारं माणूस असताना शंका ठेवून घाट चढायचा नाही, हा माझा नियम. पुढे हाकेच्या अंतरावर सर्व्हिस रोडला दुकान होतंच. ते किती सोयीचं होतं हे आता कळतं.

दुकानातल्या माणसाने हवेचं मीटर लावलं. काटा १४ वर. सकाळी निघताना पंपावर मी ३२ भरून घेतली होती. मीटर लावण्याआधी त्याने नळी लावली आणि काढली तेव्हा 'फुस्स' असा जो लांब आवाज आला, तो व्हॉल्व्हची पिन दाबून हवा सोडल्याचा होता, असं पुढे वाईत समजलं. मग गाडी डबल स्टँडवर, बादलीतलं साबणाचं पाणी, हातात ओलं फडकं. चाक हळूहळू फिरवत तो पाणी मारत होता आणि फडक्याने पुसत होता. तेवढ्यात दुसरा माणूस माझ्याजवळ आला. "साहेब, चेन लई सैल आहे, ही बघा," म्हणून मला गाडीच्या पलीकडच्या बाजूला घेऊन गेला. चेन बरी होती. मी परत अलीकडे आलो तोवर टायरवर बुडबुडे येत होते. एक, मग दुसरा, मग तिसरा.

बायको मात्र अलीकडेच उभी होती. ती म्हणाली, "ते फडकं जरा बाजूला ठेवा ना, हाताने पाणी मारा." त्यावर तो माणूस एकदम चिडला. "वहिनी, तुम्हीच करा मग काम!" असं म्हणून त्याने चाक सोडून दिलं. हा राग खोटा होता. ठरवून चिडायचं, म्हणजे समोरचा वरमतो आणि दोन पावलं मागे सरकतो. प्रामाणिक मिस्त्री असा चिडत नाही, तो उलट बोलावून दाखवतो.

सहा पंक्चर निघाले. एकही खिळा नाही, काच नाही, काटा नाही. मी विचारलं, "खिळा कुठाय?" उत्तर मिळालं, "पडून गेला असंल. सध्या रस्त्याला लई खिळं आहेत." आधी भिंतीवर बोट दाखवून 'पंक्चर शंभर' असं सांगितलं होतं. आता भाषा बदलली. साधी स्ट्रिप, म्हणजे बाहेरून भोकात कोंबायची रबराची वात, घाटात टिकत नाही, तापली की निघून येते, मागे लेडीज आहेत, मशरूम लावावं लागेल, साडेतीनशेला एक. सहाचे एकवीसशे आणि टायर उतरवण्याचे दोनशे. चाक उचलून तो दुकानाच्या आतल्या खोलीत गेला. मी मागोमाग गेलो तर "आत मशीन आहे, ग्राहकाला परवानगी नाही" म्हणून दुसऱ्याने दारातच अडवलं. पैसे देताना यूपीआय चालत नाही, नेटवर्क नाही असं सांगितलं, आणि त्याच वेळी आतल्या मोबाइलवर व्हिडिओ चालू होते. पावती मागितली तर पुस्तक संपलेलं. चाक निघालेलं, गाडी स्टँडवर, सामान जमिनीवर, आजूबाजूला चार माणसं. अशा वेळी पैसे द्यावेच लागतात. हे ज्याने भोगलंय त्याला "कशाला दिलेस" असं कुणी विचारू नये.

मांढरदेवी ओलांडून वाईकडे उतरायला लागलो तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर गाडी मागून झुलायला लागली. पुढचं चाक मी सांगेन तिकडे जात होतं, मागचं वेगळीकडेच. अशा वेळी मागचा ब्रेक जोरात मारला की चाक आडवं होतं, आणि पुढचा मारला की सगळं वजन पुढे येतं. उजवीकडे दरी होती. गिअर पहिल्यावर आणून इंजिनावरच वेग मारला आणि डोंगराच्या कडेला गाडी लावली. टायर पूर्ण बसला होता. मागून एसटी येत होती. ती पाच मिनिटं आधी, त्या अरुंद वळणावर आली असती तर काय झालं असतं हे बायकोने मला त्या रात्री विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भाजी उतरवून वाईकडे परत निघालेला एक छोटा हत्ती टेम्पो थांबला. त्या दादाने आधी सांगितलं, "तीनशे घेईन, दोर माझ्याकडे आहे." गाडी वर चढवली, बांधली आणि वाईत एका जुन्या पंक्चरवाल्याकडे सोडली.

वाईतल्या या मिस्त्रींना तिथे सगळे मामा म्हणतात. त्यांनी चाक रस्त्यावरच, आमच्या समोर उघडलं. टायर उलटा करून आतून बॅटरी मारली आणि जे दाखवलं ते प्रत्येक गाडीवाल्याने डोळ्यासमोर ठेवावं. सहाही भोकं एकाच जाडीची होती. चालत्या गाडीत खिळा घुसतो तो बहुतेक वेळा तिरका घुसतो, आजूबाजूचं रबर फाटतं, खिळ्याचं डोकं रस्त्यावर घासून चकचकीत होतं आणि बरेचदा तो टायरमध्ये अडकूनच सापडतो. अडकलेला खिळा भोक बुजवून ठेवतो, म्हणून ट्यूबलेसची हवा हळूहळू जाते. आमच्या टायरची भोकं सरळ होती, आरीने पाडल्यासारखी. चार भोकं नक्षीच्या खाचेत, जिथे रबर सगळ्यात पातळ असतं तिथे. दोन कडेला, खांद्याजवळ. आणि सगळी मिळून एका वितीच्या आत. चाक हजारो वेळा फिरतं आणि खिळे मात्र तेवढ्याच जागेत लागतात, असं होत नाही. मामांनी स्वतःची आरी फडक्याखाली धरून, फेकून द्यायच्या एका टायरवर आम्हाला करून दाखवलं. हात पुसल्यासारखा फिरतो आणि टोक आत जातं. शेजारी उभ्या माणसालाही दिसत नाही.

मशरूम तर एकही नव्हतं. खरं मशरूम आतून लावतात. त्याचा दांडा भोकातून बाहेर येतो आणि छत्री आतल्या बाजूला चिकटते, त्याआधी आतलं रबर घासून खरखरीत करावं लागतं. इथे सायकलच्या ट्यूबला लावतात तसले पातळ पॅच, न घासता, नुसत्या सोल्युशनवर ठेवलेले होते. घाट चढताना टायर तापला, दोन पॅच सुटले आणि हवा निघून गेली. म्हणजे आधी चांगल्या टायरला भोकं पाडली, त्याचे पैसे घेतले, आणि तरीही ती नीट बुजवली नाहीत. कुणाला तरी दरीच्या कडेने पाठवतोय हे माहीत असून. मला सगळ्यात जास्त संताप याचा आहे.

मामांनी टायर बदलायला सांगितलं, कारण इतक्या जवळजवळची भोकं आणि कडेची दुरुस्ती भरवशाची नसते. ते स्वतः टायर विकत नाहीत. बाजारातल्या दुकानाचं नाव दिलं आणि बजावलं की टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघून घ्या. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला, मग तो दुकानात कितीही काळा कुळकुळीत दिसो. अडीच हजारांच्या घरात नवीन टायर आला. मामांनी त्यांच्या कामाचे दीडशे घेतले.

या दिवसांत निघणार असाल तर माझं कळकळीचं सांगणं आहे. स्वतःचं मीटर जवळ ठेवा, खिशात मावतं. हातपंप किंवा बॅटरीवरचा छोटा पंप घ्या. चांगला पंप दोन हजारांच्या आसपास मिळतो, आणि तो असेल तर कुठे थांबायचं हे तुम्ही ठरवता, दुसरा कुणी नाही. ट्यूबलेसमध्ये खरंच खिळा असेल तर तो उपटू नका. हवा भरून सावकाश पुढच्या मोठ्या गावापर्यंत जा, पेट्रोल पंपावर किंवा एसटी स्टँडजवळच्या, स्थानिक लोक उभे असलेल्या दुकानात थांबा. काम सुरू होण्याआधी दर विचारा, स्ट्रिपचा वेगळा, मशरूमचा वेगळा. साबणाचं पाणी बाटलीने ओतायला सांगा. फडकं नको. दोघं असाल तर एकाने चाकावरची नजर अजिबात हटवू नये, चेन दाखवो की ऑइल. प्रत्येक भोकातून काय निघालं ते हातात मागा. चाक आत न्यायचं म्हटलं तर नाही म्हणा. मोबाइलवर व्हिडिओ चालू ठेवला की यांचे हात बहुतेक आपोआप थांबतात.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. दसऱ्यानंतर ऊसतोड सुरू झाली की बैलगाड्या रस्त्यावर येतात, बैलांच्या नालांचे खिळे पडतात, आणि खरेखुरे पंक्चर वाढतात. त्यामुळे पंक्चर झालं म्हणजे फसवणूकच, असं धरून एखाद्या गरीब मिस्त्रीशी भांडू नका. रस्त्यावर मुद्दाम खिळे टाकणारेही असतात. बंगळूरच्या आउटर रिंग रोडवर एका इंजिनिअरने चुंबक फिरवून किलोंनी खिळे गोळा केले होते, त्याच्या बातम्या आल्या होत्या. पण आमच्याकडे खिळ्याचीही गरज पडली नाही.

परत आल्यावर मी त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे. सोबत बायकोने काढलेला दुकानाचा फोटो, वाईत काढलेले टायरच्या आतल्या बाजूचे फोटो आणि नव्या टायरची पावती जोडली. जुना टायर फेकला नाही, तो पुरावा आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, तीही तयारी चालू आहे. दुकानाचं नाव चौकशी होईपर्यंत इथे लिहीत नाही. ठाण्यातल्या हवालदारांनी मला विचारलं, "आणखी कुणाची तक्रार आहे का?" पुणे-सातारा पट्ट्यात तुमच्या बाबतीत असं झालं असेल, रक्कम तीनशे असो की तीन हजार, तर तारीख, जागा आणि फोटोसकट तुमचा अर्ज त्या-त्या ठाण्यात द्या आणि पोच घ्या. माझा एकट्याचा अर्ज फाइलमध्ये राहील. एकाच जागेबद्दल पाच-सहा अर्ज आले तर त्यांना जाऊन बघावं लागेल.