बुडायचं की तरंगायचं?

दिवाळी सरली की सांगलीत हा प्रश्न हमखास येतो: मालवणला चाललोय, स्कूबा करू की नुसतं स्नॉर्केलिंग? मी मालवणात आणि अंदमानात, दोन्हीकडे दोन्ही केलंय. माझं उत्तर असं: मालवणात स्कूबा, अंदमानात आधी स्नॉर्केलिंग. हा फरक धाडसाचा नाही, पाण्याचा आहे.

स्कूबात पाठीवर सिलिंडर बांधून, त्यातून श्वास घेत पाण्याखाली उतरायचं. स्नॉर्केलिंगमध्ये मास्क लावून, तोंडात नळी धरून पालथं तरंगायचं. जे दिसतं ते वरून, म्हणून पाणी नितळ हवं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, पण तिथलं पाणी बऱ्याचदा गढूळ असतं. पहिल्या खेपेला मी अर्धा तास तरंगलो आणि मला हिरवट धुकं, दोन मासे आणि माझेच हात दिसले. तिथं खाली उतरून प्रवाळापासून हातभर अंतरावर गेलात तरच पैसे वसूल होतात. अंदमानात स्वराज द्वीपाच्या, म्हणजे जुन्या हॅवलॉकच्या, एलिफंट बीचवर प्रवाळ किनाऱ्याजवळ उथळ पाण्यातच आहे. तिथं नळी पुरते.

शिवाय पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. ५-६ मीटरवरच लाल मासा तपकिरी वाटायला लागतो आणि अजून खाली गेलं की सगळं निळसर. म्हणजे उथळ प्रवाळाचे खरे रंग तरंगणाऱ्यालाच जास्त दिसतात. पॅकेज विकणारा हे कशाला सांगेल?

आता कानांचं. आपल्याकडं विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तळातली माती वर आणायची पैज लावली की कान कसे ठणकतात! समुद्रातही तेच. १० मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, कान मोकळे करायचे, तेही दुखायच्या आधी आणि खाली जाताना पुन्हा पुन्हा. मी घाई केली आणि चार मीटरवर कानात सुई टोचल्यासारखं झालं. इन्स्ट्रक्टरनं मीटरभर वर आणलं, तेव्हा कान सुटले. नंतर मजा आली म्हणून मी त्याला अंगठा दाखवला. तो मला थेट वर घेऊन निघाला! पाण्याखाली अंगठा म्हणजे 'वर चला'. 'झकास' सांगायचं तर अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं. माझी पाच मिनिटं अशी गेली.

स्नॉर्केलिंगला कानाची ही भानगड नाही, म्हणून थोडी सर्दी असली तरी निभतं. स्कूबाला सर्दी अजिबात चालत नाही. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, गरोदरपण यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. फॉर्मवर सगळीकडे 'नाही' लिहून मोकळं होऊ नका.

पोहता येत नसेल तर? पहिल्या स्कूबात इन्स्ट्रक्टर मागून धरूनच ठेवतो. स्नॉर्केलिंगला लाइफ जॅकेट मिळतं, पण लाटांवर आपलं आपणच सावरायचं असतं. गंमत म्हणजे विहिरीवरचे पट्टीचे पोहणारेच स्कूबात चुकतात, कारण पाण्यात दम धरायची सवय हाडीमाशी भिनलेली. स्कूबात दम धरून वर यायचं नाही. वर येताना दाब कमी होतो, छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. श्वास चालूच ठेवायचा. (त्या सिलिंडरला सगळे ऑक्सिजनचा म्हणतात. त्यात साधीच हवा असते, साधारण २०० बार दाबानं कोंबलेली. गाडीच्या चाकात दोन-अडीच बार असते.)

मिशीवाल्यांनो, मास्क दोन्हीकडे झिरपणार. मिशीतून पाणी वाट काढतंच. सातारकरांना पीळ सोडून या म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

पैशाचं बोलायचं तर स्नॉर्केलिंग स्वस्त पडतं. स्कूबाचा दर विचाराल तेव्हा खाली नेमकी किती मिनिटं ठेवणार तेही विचारा. 'दोन तासांची ट्रिप' म्हणून गाठलेल्या एका ठिकाणी मी पाण्याखाली बारा मिनिटं होतो. बाकी वेळ होडीत, कपडे चढवण्यात आणि फोटोच्या रांगेत.

आणि घाट. स्कूबानंतर शरीरात जादा नायट्रोजन विरघळलेला राहतो. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानात बसू नये अशी शिफारस आहे. आपल्याला विमान नसलं तरी आंबोली आहेच, सुमारे ७०० मीटर उंच. उथळ डाइव्हनंतर तिथला धोका विमानाच्या मानानं बराच कमी, पण लगेच घाट चढायची घाई कशाला? स्कूबा पहिल्या दिवशी सकाळी उरका, निघायच्या दिवशी नको. स्नॉर्केलिंगला ही अट नाही. दुपारपर्यंत तरंगा, सुरमई जेवा आणि संध्याकाळी फोंडा घाटानं वर या.