मॉडेल झकास, पण सोबतचं कार्ड मुलांच्या हाती देऊ नका

लेकीला बेडूक आतून कसा असतो ते बघायचं होतं आणि खरा कापायची आमच्यात कोणाचीच हिंमत नाही, म्हणून हे पोट उघडणारं प्लॅस्टिकचं मॉडेल मागवलं. आतलं काम एक नंबर! हृदय काढून उघडलं की तीन कप्पे स्पष्ट दिसतात, वर दोन आणि खाली एकच. मागच्या पायात नडगीची दोन हाडं जुळून एक झालेली असतात ना, तर त्या एका हाडावर जोडाची बारीक खाचसुद्धा दाखवलीय, एवढं कोण करतं हो.

आणि मग जीभ बघितली, चक्क आपल्यासारखी घशाकडे चिकटवलेली! अहो बेडकाची जीभ पुढे खालच्या जबड्याला जोडलेली असते, मोकळं टोक आत असतं, म्हणून तर ती पलटी मारून बाहेर येते आणि किडा चिकटतो. शेवटी ब्लेडने सोडवून मीच सरळ करून लावली. खालच्या जबड्यातले दात पण घासून काढले, कारण बहुतेक बेडकांना दात असतात ते वरच्याच जबड्यात.

कार्डावर तर कहर आहे, म्हणे बेडूक आणि टोड (खरखरीत कातडीच्या बेडकांना इंग्रजीत सहसा म्हणतात ते) हे दोन वेगळे गण, म्हणजे प्राण्यांच्या वर्गीकरणातले मोठे गट. गण एकच, अनुरा, म्हणजे बिनशेपटीचे, त्यात ७००० च्या वर जाती आणि टोडही त्यातच आले. खरे टोड म्हणतात ते ब्यूफोनिडी कुळातले, पण लाल पोटाचा फायर-बेलीड टोड त्या कुळात नाहीच, आणि हार्लेक्विन फ्रॉग नावाने फ्रॉग असून त्याच कुळातला. म्हणजे खरखरीत कातडी दिसली की टोड, हा हिशोब चालत नाही. वर लिहिलंय टोडला हात लावला की चामखीळ येते, अरे ती माणसांच्या व्हायरसने येते! खरी जपायची गोष्ट म्हणजे डोळ्यांमागच्या विषाच्या ग्रंथी, त्या मात्र सोबतच्या छोट्या टोडवर गायब.

अंडी ते बेडूक वाला सेट ठीकठाक, मागचे पाय आधी फुटतात ते बरोबर दाखवलंय. टोडची अंडी सहसा माळेसारखी असतात, इथे दोघांना एकच गोळा दिलाय.

मॉडेलला चार स्टार, कार्डाला शून्य. विकणाऱ्याला हे सगळं सविस्तर लिहून पाठवलं तर उत्तर आलं, 'प्रॉडक्ट डॅमेज आहे का? फोटो पाठवा.' आता उलट्या जिभेचा फोटो काढायला ती सरळ कशाला केली असं झालंय.